तांबडीची बॅटरी आणि वाघाचे पाच तारे

एका जंगलात, मुलांनो, वाघ होता आणि वाय-फायही होतं. वाघ पूर्वीपासूनचा होता.

त्या जंगलात तांबडी नावाची एक भेकरीण टेकडीवर पहाऱ्याला बसायची. भेकर म्हणजे भुंकणारं हरीण. वाघ दिसला की तांबडीची आजी भुंकायची, आई भुंकायची, आणि पाणवठ्यावरचे सगळे जीव घेऊन पळायचे. पुढे जंगल सुधारलं. सभेत ठरलं की भुंकणं काही बरं दिसत नाही, शिवाय दुपारची झोपमोड होते. म्हणून तांबडीला लॅपटॉप मिळाला. वाघ दिसला की तिने बटण दाबायचं. मग पाणवठ्यावरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटायची, 'कृपया पळावे.'

काही वर्षं झकास गेली. मग बॅटरीने मान टाकली. चार्जर काढला की वाघाची एक जांभई पुरी होईपर्यंतसुद्धा ती दम धरेना. टेकडीवर प्लग कुठून असणार? आणि खाली पाणवठ्यावर तर तांबडीचं पाडस रोज खेळायचं. तिच्या जिवाला घोर लागला.

ती वानरशेठच्या दुकानात गेली.

"एक कंपनीची आहे, दहा टोपल्या मोहफुलं," वानरशेठ म्हणाले. "एक साधी आहे, दोन टोपल्या."

"टिकतात किती?"

"ताई, मी सांगितलं तर म्हणाल, शेठ आपलाच माल खपवतोय. गिऱ्हाइकांनी लिहून ठेवलंय. तेच वाचा."

तांबडी शहाणी होती. डोळे मिटून खरेदी करणाऱ्यातली नव्हे. तिने एकूण एक अभिप्राय वाचला.

कंपनीच्या बॅटरीला कासवआजोबांनी एकच तारा दिला होता. खाली लिहिलं होतं, 'आत्ताच तर घेतली होती. गेलीसुद्धा. फसवणूक.'

साध्या बॅटरीला मात्र ताऱ्यांचा नुसता पाऊस. सगळे चिलटांच्या घरचे. 'पणजोबांनी बसवली, अजून ठणठणीत आहे.' 'आमच्या चार पिढ्या हिच्यावर गेल्या.' चिलटांचं कुटुंब मोठं, त्यामुळे तारेही मोप.

"चार पिढ्या," तांबडी पुटपुटली. आपल्या चार पिढ्या तिने मनात मोजून पाहिल्या आणि तिला भरून आलं. तिने दोन टोपल्या मोहफुलं ओतली, आठ वाचवल्या आणि त्या रात्री गाढ झोपली.

पुढच्याच महिन्यात, एका संध्याकाळी, वाघ आला. गवत हलताना तिने पाहिलं. पाडस पाण्यात उभं होतं. तिने बटण दाबलं. पडद्यावर 'कृपया' उमटलं आणि लॅपटॉप काळा पडला.

पाणवठ्यावरचे सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. कृपया काय?

तांबडीने पुन्हा बटण दाबलं. मग बॅटरी काढून फुंकर मारली, परत बसवली. गवत आणखी पुढे हललं. तेव्हा तिने मान वर केली आणि ती भुंकली. घसा गंजला होता. पहिला आवाज दार करकरावं तसा आला, पण दुसरा थेट आजीचा होता. सगळे पळाले. पाडस सर्वांत पुढे पळालं. वाघ पाण्यात तोंड घालून उगाच तहान लागल्यासारखं करत बसला.

दुसऱ्या दिवशी तांबडी दुकानात उभी. "शेठ, चार पिढ्या टिकणार होती ना?"

"टिकली की," वानरशेठ शांतपणे म्हणाले. "चिलटाच्या चार. आता त्यांच्या पिढ्या चटचट संपतात, त्याला मी काय करू?"

"आणि कासवआजोबांची 'आत्ताच' गेली ती?"

"त्यांनी माझ्या वडिलांकडून घेतली होती. मी तेव्हा आईच्या पोटाला लटकलेलो."

टेकडीवर जाऊन तांबडीने घसा साफ केला आणि लॅपटॉपवर सुकायला मोहफुलं पसरली.

सभेने मात्र तिला समज दिली. भुंकताना तिने लेखी परवानगी घेतली नव्हती. तिच्या जागी एका तरण्या भेकराला नेमलं आणि नवा लॅपटॉप दिला. बॅटरी कुठली घ्यावी म्हणून त्याने अभिप्राय उघडले. साध्या बॅटरीखाली एक नवा अभिप्राय आला होता, पंजाच्या ठशासकट.

'अप्रतिम बॅटरी. पाच तारे. जंगलातल्या प्रत्येकाने हीच घ्यावी. भेकरिणीचा घसा मात्र फार जुनं मॉडेल आहे. एक तारा.'

तरण्या भेकराने दोन टोपल्या मोहफुलं ओतली.

तात्पर्य : स्वस्त बॅटरी आयुष्यभर टिकते. आपण फक्त आयुष्य तेवढं बेताचं ठेवावं. ते जमत नसेल, तर वाघ मदतीला असतोच.