सुभानजी मोतद्दार व साळुंक्यांच्या पायीचा केस

श्री. चोचीस दाणा पुरविणारा तो एक, त्यास वंदून साळुंक्यांचे वर्तमान लिहिले ऐसे जे: शके १९४५ शोभननाम संवत्सरी, वैशाखमासी, राज्यात साळुंक्यांस रोग जाहला. पायांस व डोळ्यांभोवती चामखिळी उठल्या आणि पाखरे आंधळी होऊन उपाशी मरू लागली. तेव्हा पागेत घोड्यांची निगा राखणारे वृद्ध मोतद्दार सुभानजी यांस दया आली. रानची पाखरे त्यांच्या खांद्यावर येऊन बसत, ऐसा उभयतांचा लोभ. माणसाची चामखीळ घोड्याचा केस बांधून पाडितात, तोच इलाज त्यांनी आरंभिला. आणि एकीची चामखीळ पडली की तोच केस सोडून दुसरीस बांधावा, गुणाचा केस म्हणोन नवा घेऊ नये. चामखिळी पडत आणि रोग वाढे. दरबारी कोणी म्हणाले खरूज, कोणी म्हणाले विषप्रयोग. माहीतगार कोणीच नव्हता, बोलणारे मात्र उदंड.

मग वैद्यीण सगुणाबाईंस हुकूम जाहला. सुभानजी मेलेली साळुंकी धोतराच्या सोग्यात घेऊन आले. केस पायासच होता. बाईंनी चामखीळ कापून, मेणात बसवून, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढिले आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तो कातडीच्या पेशी फुगलेल्या, आणि पेशीपेशीत तांबूस गोळे. खरुजेचा किडा कोठे नाही.

बाई म्हणाल्या, "बाबा, ह्या पाखरांच्या देवी आहेत. विषाणू जखमेतून शिरतो. काही डासांनी नेला, आणि..."

"आन् काय, बाईसाहेब?"

"आणि काही तुमच्या केसानं नेला."

सुभानजी म्हणाले, "म्या तर समद्यास्नी योकच बांधला. लई गुणाचा म्हून."

बाईंनी सांगितले की केस जाळावा, आणि रोग सरेतो पाखरे एके ठायी जमू देऊ नयेत. जमत ती सुभानजींपाशीच. मग ते रोज सकाळी पागेच्या दारी उभे राहून, टाळ्या वाजवून पाखरे हाकलू लागले. एक लंगडी साळुंकी तरीही येई आणि खांद्यावर बसून, केस सोडवून घ्यावा तैसा, पाय पुढे करी. तीस हाकलिताना ते रडत.

श्रावणअखेर रोग हटला. येणेप्रमाणे वर्तमान जाहले: रोग ओळखिला, साळुंक्या वाचल्या. पागेकडे मात्र एकही फिरकत नाही, आणि सुभानजी अद्याप खिशात दाणे घेऊन दारी उभे असतात.