केतकर साहेबांची अदलाबदल

दर शनिवारी जेवणाची सुट्टी संपली की केतकर साहेब स्वतः घंटा बडवायचे आणि ओरडायचे, "उठा! अदलाबदल!" मग तासभर मी, म्हणजे ऑफिसातला हेडक्लार्क, एप्रन बांधून हापूस सोलायचो. रस काढणाऱ्या बायकांच्या पुढारी पार्वतीकाकू माझ्या खुर्चीत बसून फोन घ्यायच्या. साहेब डबे धुवायचे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीतल्या आमच्या आमरसाच्या कारखान्यानं असला मॅनेजर पाहिला नव्हता. एकदा "साहेब डबे धुतायत, मागना फोन करा" असं काकूंनी मुंबईच्या व्यापाऱ्याला ठणकावलं आणि त्यानं ऑर्डरच रद्द केली. मी तणतणत साहेबांकडे गेलो.

"ऑर्डर परत येईल हो," साहेब खुशीत म्हणाले. "पण इतकी वर्षं एका छपराखाली काम करताय, अदलाबदल सुरू होण्याआधी काकूंचं नाव तरी ठाऊक होतं तुम्हांला?"

नव्हतं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर मालकांनी रस काढायचं यंत्र आणलं. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून यंत्राचा ट्रक दारात उभा राहिला आणि बायका कामावरून उठल्या. "ह्या यंत्र आला म्हंजे आमी गेलो," पार्वतीकाकू म्हणाल्या. "आमी हात नाय लावनार." मालकही इरेला पेटले. आठवड्यात यंत्र फिरलं नाही तर बाहेरून माणसं आणीन म्हणाले.

"फिरणार कसं नाही?" एवढंच साहेब बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटा बडवून दारात बसलेल्या बायकांना आत बोलावलं. वार मंगळवार. मालकांना हाताला धरून त्यांनी रस काढायच्या रांगेत पाटावर बसवलं आणि काकूंना मालकांच्या केबिनमध्ये. मालकांना आधी गंमत वाटली. पाऊण तासात पाठ धरली, बोटं सुरकुतली, आणि ते केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

साहेब काकूंना विचारत होते, "तुम्ही मालक. यंत्र आलंय. बायकांचं काय करणार?"

काकूंनी खुर्ची टेबलापाशी ओढली. "रस जास्ती निघंल तर डबं पन जास्ती भराचे. त्याला हात लागतीलच की. पन मालकानं समद्यांच्या म्होरं सांगावा, कुनाला काढनार नाय."

"आणि काढायची वेळ आलीच," साहेब मालकांकडे वळून म्हणाले, "तर पहिलं नाव माझं घाला."

मालक कंबर चोळत मागे फिरले आणि त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. शुक्रवारी यंत्र फिरलं. बटण काकूंनी दाबलं, तेही आधी नारळ फोडून. त्या हंगामात एकही बाई घरी बसली नाही.

हंगाम संपला. शेवटच्या दिवशी सगळ्या निघून गेल्या तरी साहेब फाटकापाशीच रेंगाळत होते. मी सहज विचारलं, "आता सुट्टीत कुठे?"

"चिपळूणला जावं म्हणतो. मुलगा असतो तिथे."

साहेबांना मुलगा आहे हे मला तेव्हा कळलं.

"त्यानं स्वतःच्या मनानं लग्न केलं. मी दार लावून घेतलं," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "ही गेली तेव्हा तो आला होता. तेव्हाही बोललो नाही मी."

स्टँडवर जायला आम्ही दोघं बरोबरच निघालो. बाजारात खेळण्यांच्या दुकानापुढे साहेब थबकले. लाकडी बैलगाडी उचलली, ठेवली. बाहुली उचलली, तीही ठेवली.

"नात आहे म्हणे मला," ते हळूच म्हणाले. "केवढी असेल हो आता?"