एका गाण्याची पूर्वतयारी

सिंदी मेघे येथील नीलेश उमाटे याला एक गाणं वाजवायचं होतं. एकच, आणि तेही स्वतःच्या बायकोच्या साथीला. गाणं त्याला येत होतं, गिटार घरात होती आणि बायको गायला तयार होती. एवढं सगळं असताना ते का जमलं नाही, याबद्दल आमच्या कॉलनीत बरेच गैरसमज पसरले आहेत. कॉलनीच्या सांस्कृतिक मंडळाचा सचिव या नात्याने ते दूर करणं मी माझं कर्तव्य समजतो.

नीलेशचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आजूबाजूच्या गावांत विहिरीवरची मोटार जळली की ती त्याच्याकडे येते आणि चांगली होऊन जाते. कॉलेजात असताना त्याने स्नेहसंमेलनात हेच गाणं वाजवलं होतं आणि मयुरीने ते म्हटलं होतं. तेव्हा त्याच्याकडे एक गिटार, एक वायर आणि आतला कागदी पडदा फाटलेला एक जुना भोंगा, म्हणजे स्पीकर, होता. गाणं सगळ्यांना आवडलं, मयुरीला नीलेश आवडला, आणि दोघांच्या घरच्यांना काहीच आवडलं नाही. पुढे रीतसर लग्न झालं.

लग्नानंतर नीलेशने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एका दाढीवाल्या गृहस्थाने असं सांगितलं की, जगातल्या बहुसंख्य गिटारवादकांच्या आवाजाला गोलाई नसते आणि बिचाऱ्यांना ते ठाऊकही नसतं. नीलेशने स्वतःचा आवाज ऐकून पाहिला. खरंच गोलाई नव्हती. म्हणून त्याने पहिलं पेडल मागवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेडल म्हणजे डब्याएवढी लोखंडी पेटी. ती गिटार आणि भोंगा यांच्यामध्ये, पायापाशी ठेवायची. वरचं बटण पायाने दाबलं की आवाज बदलतो. पहिलं पेडल हिरवं होतं. त्याने आवाजाला गोलाई आली, पण सोबत बारीक खरखरही आली. खरखर मारायला काळं पेडल आणलं. त्याने खरखर मारली, पण सुराचं शेपूटही कापलं. शेपूट लांबवायला निळं आणलं. निळ्याने ते इतकं लांबवलं की पहिला सूर संपायच्या आत चौथा येऊन त्याच्यावर बसू लागला. मग त्यांना वेगळं करणारं जांभळं आलं. इतक्या पेट्यांमधून जाताना आवाज दमतो असं कळल्यावर त्याला दम देणारं एक पांढरं आलं. त्याची ख्याती अशी की ते सुरू आहे हे कोणाला कळूच नये. नीलेशने ते मला चालू आणि बंद करून दाखवलं. मला खरोखर काही कळलं नाही, आणि तो खूश झाला.

सगळ्यात शेवटी एक दुर्मीळ पेडल मिळालं. कागद फाटलेल्या जुन्या भोंग्याचा आवाज ते हुबेहूब काढतं. ते घेण्यासाठी त्याला तो भोंगा विकावा लागला.

दरम्यान जिल्ह्यात अशी आणखी मंडळी आहेत हे उघड झालं, आणि जिल्हा पेडलधारक समन्वय समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी हिंगणीचे प्रफुल यांची निवड झाली. प्रफुलभाऊंची सर्व पेडलं मूळ खोक्यात, मूळ प्लॅस्टिकसह ठेवलेली आहेत. त्यांचा आवाज अत्यंत शुद्ध आहे असं समितीत मानलं जातं, कारण तो अजून कोणी ऐकलेला नाही. सचिव नाचणगावचे भूपेंद्र. ते एका कार्यालयात आवक-जावक सांभाळतात. त्यांच्याकडे गिटार नाही. "आधी पूर्वतयारी पुरी होऊ द्या," असं त्यांचं म्हणणं आहे. समितीच्या प्रत्येक बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा विषय 'वेळ उरल्यास वादन' हा असतो. वेळ अजून उरलेला नाही.

हे सगळं असंच सुखाने चाललं असतं. पण यंदा मयुरीच्या गळ्यात गाठ निघाली.

गाठ साधी होती. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, काळजीचं कारण नाही, आवाज बहुतेक तसाच राहील. घरातल्या सगळ्यांनी 'काळजीचं कारण नाही' एवढंच ऐकलं. मयुरीने 'बहुतेक' ऐकलं. त्याच आठवड्यात मी मंडळाच्या वतीने तान्ह्या पोळ्याच्या कार्यक्रमात गाण्याची विनंती करायला तिच्याकडे गेलो, तर ती लगेच हो म्हणाली. नीलेश जमिनीवर ओणवा होऊन काहीतरी जोडत होता.

"मले तेच गाणं म्हणायचं हाय," ती त्याला म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी एक डाव. तू वाजवजो."

"वाजवतो नं. काऊन नाई वाजवणार? फक्त आवाज सेट करू दे."

"माहा आवाज सेट हाय, नीलेश. तो आहे तवरच म्हणून घेऊ."

नीलेशने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. त्याचं तिच्यावर प्रेम आहे याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. इतकं महत्त्वाचं गाणं साध्या आवाजात वाजवणं त्याला शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने समितीची तातडीची बैठक बोलावली.

समितीने प्रकरण गांभीर्याने घेतलं. उपसमिती नेमली, तिने दोन शिफारशी केल्या, आणि भूपेंद्र यांनी लेखी कळवलं की, सदर गाण्याचा विषय विचाराधीन असून, अंतिम आवाज निश्चित होईपर्यंत सदस्याने वादन करू नये, कारण अनिश्चित आवाजात केलेले वादन पुढे पायंडा ठरू शकते. त्यामुळे सराव असा झालाच नाही. म्हणजे सरावाला दोघं बसायचे. मयुरी सूर लावून उभी राहायची, नीलेश ओणवा होऊन बटणं फिरवायचा. "आता बघ... थांब... आता बघ." थोड्या वेळाने ती आत जाऊन भाजी टाकायची. नीलेशची आई कौशल्याबाई दारातून पाहायच्या आणि म्हणायच्या, "पोरगा देवापुढं बी एवढा वाकला नाई कधी." पण आईच ती. पेडलांवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी लाल मखमलीची, सोनेरी काठाची एक झूल शिवून दिली.

पेडलं आता एका मोठ्या फळीवर ठोकून बसवली होती. फळी दोघांना उचलेना, तेव्हा नीलेशने तिला गॅस सिलेंडरच्या जुन्या ट्रॉलीची चाकं लावली आणि ओढायला पुढे दोरी बांधली.

पोळा खऱ्या बैलांचा असतो, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लाकडी बैलांचा. पोरं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत आणतात आणि तोरणाखाली रांगेत उभे करतात. परीक्षक पाहणी करून बक्षीस देतात. या बैलांनी वावर नांगरावं अशी कोणाची अपेक्षा नसते, त्यामुळे कोणाची निराशाही होत नाही. आमचे कायमचे परीक्षक डोमाजी. वय झालं आहे, पण निकष पक्के आहेत: उंची, रंग, साज, झूल आणि चाकं.

त्या दिवशी नीलेश दुपारीच मैदानात आला. सोबत प्रफुलभाऊ आणि भूपेंद्र निरीक्षक म्हणून होते. मंडपवाला रूपराव याने त्यांना मंडपाच्या भोंग्याची वायर आणि विजेची एक पिन दाखवली. पिन मंचाखाली, बैलांच्या रांगेच्या टोकाशी होती.

"मले वेगळी लाइन पायजे," नीलेश म्हणाला. "तुह्या लायटिंगनं घरघर येऊन राह्यली."

"घरघर तुह्या डब्ब्यातून येऊन राह्यली, भाऊ. बेंजोवाला बी याच पिनवर वाजवते. त्याले तं नाई येत."

"बेंजोवाल्याले कळत नाई."

"त्याले वाजवता येते नं पण."

मंडळाचा सचिव म्हणून मी मध्ये पडलो आणि मंडपातले दिवे बंद करायला सांगितलं. पोरं रडू लागली. घरघर तशीच राहिली. दिवे पुन्हा लावले. घरघर दिव्यांची नाही हे यावरून सिद्ध झालं, आणि समितीने तो विषय पुढील चौकशीसाठी राखून ठेवला. तेवढ्यात घरघरही थांबली आणि आवाजच बंद पडला. जिल्ह्यातल्या निम्म्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस आता पोटावर झोपून एकेक वायर हलवून पाहू लागला. दोन निरीक्षक त्याच्या बाजूला उकिडवे बसले.

अशा वेळी डोमाजी पाहणी करत रांगेच्या टोकाला आले. समोर मखमलीची झूल, खाली चाकं, पुढे दोरी, आणि झुलीखालून पेडलांचे रंगीत दिवे लुकलुकत होते. डोमाजी बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय करते?" त्यांनी विचारलं.

"आवाज गोल करते, काका," खालून नीलेश म्हणाला.

"करून दाखव बरं."

"आता नाई होत. वायरमदी काही तरी हाय."

"म्हणजे आता हे काईच करत नाई?"

"आता नाई, काका."

डोमाजींनी चाक हाताने फिरवून पाहिलं, झुलीचा काठ बोटांनी चाचपला आणि मला म्हणाले, "बसते आपल्या निकषात. लिहा, पयला नंबर."

मी लिहिलं. परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. दुसऱ्या नंबरचा बैल घेऊन आलेल्या पोरीने तक्रार केली, पण तिच्या बैलाला दिवे नव्हते.

मग मी मयुरीचं नाव पुकारलं. ती मंचावर येऊन माइकपाशी उभी राहिली. तिने खाली पाहिलं. नीलेशचे फक्त पाय दिसत होते.

"झालं का?" तिने विचारलं.

"एक मिनिट!"

मी दुसऱ्यांदा नाव पुकारलं. ती थांबली. लोक कुजबुजू लागले. मला तिच्याकडे पाहवेना. असं वाटलं, जावं आणि त्या माणसाचा पाय धरून त्याला बाहेर ओढावं. पण निरीक्षक बसलेले होते, आणि समितीच्या कामात मंडळाने हस्तक्षेप करणं बरोबर दिसलं नसतं. मयुरीने साडीचा पदर नीट केला, डोळे मिटले आणि एकटीनेच सुरुवात केली.

त्याच क्षणी साऱ्या मैदानाने मोबाइल वर केले. ज्यांना दिसत नव्हतं ते खुर्चीवर चढले, खुर्चीवरच्यांना मागचे "बसा बसा" म्हणू लागले. प्रफुलभाऊंनी बक्षीसपात्र फळीचं जवळून चित्रण केलं. रूपरावच्या मोबाइलमध्ये जागा नव्हती, म्हणून तो एकेक जुना फोटो काढून टाकत होता. मी स्वतः अगदी समोरून, आडवा मोबाइल धरून, संपूर्ण गाणं टिपलं. ते संपलं तेव्हा टाळ्या जरा कमी पडल्या, कारण प्रत्येकाचा एक हात अडकलेला होता.

मयुरी पायऱ्या उतरत होती तेवढ्यात मंचाखालून आरोळी आली, "सापडली! वायर ढिली होती!" पाठोपाठ गिटारचा एक सूर आला. खोटं कशाला सांगू, तो खरोखर गोल होता. नीलेश कपाळावरची माती पुसत, हसत बाहेर आला.

"आता म्हण, मयुरी."

"म्हटलं मी."

"कवा?"

"आत्ता."

मी त्याच्या हातात पहिल्या बक्षिसाचा कुकर दिला.

ऑपरेशन उत्तम झालं. मयुरी बोलते, हसते, कौशल्याबाईंवर पूर्वीइतकंच ओरडते. फक्त गाण्याच्या वरच्या जागा तिला आता लागत नाहीत, म्हणून ती गात नाही. नीलेश गप्प बसणारा नाही. खालचा सूर उचलून वर नेणारं एक पेडल असतं, ते शोधणं त्याने सुरू केलं आहे. समितीने प्रस्तावाला तत्त्वतः मान्यता दिली आहे. यंदाच्या यशामुळे समितीची सदस्यसंख्या वाढली असून, पुढल्या तान्ह्या पोळ्यात मंडळ पेडलांसाठी स्वतंत्र गट ठेवणार आहे. रांगेत जागा अडते म्हणून गिटार आणण्यास मनाई राहील.

माझी अडचण वेगळीच आहे. कार्यक्रमाची बातमी वर्तमानपत्राला पाठवायची होती आणि तिच्यात गाण्याचं नाव हवं होतं. मी कॉलनीभर विचारलं. सगळे म्हणाले, "व्हिडिओ हाय नं, पाहून सांगतो." प्रफुलभाऊंच्या व्हिडिओत झूल आहे. रूपरावचा सुरू झाला तेव्हा मयुरी पायऱ्या उतरत होती. माझ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मीच "थोडं सरका, सरका" असं म्हणताना ऐकू येतो. नीलेश म्हणाला, "आवाज सेट झाला का वाजवूनच दाखवतो." शेवटी मयुरीलाच विचारायला गेलो.

"तुमी तं समोरच होते, भाऊजी," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

आता तुम्ही आम्हाला हसत असाल. हसा. पण पहिल्या ओळीपासून मी एका गाण्याबद्दल बोलतो आहे. हिरव्यानंतर काळं पेडल आलं, झूल मखमलीची होती, चाकं सिलेंडरच्या ट्रॉलीची होती, हे सगळं तुम्ही लक्ष देऊन वाचलंत. गाणं कोणतं, असं तुमच्या मनात एकदा तरी आलं का? आता विचारू नका. मला माहीत नाही.