थोरलीच्या बागेची पाहणी

संध्याकाळचे पाच वाजले, की चिमी पायांत चपला अडकवायची आणि थोरलीच्या काळजात कुणीतरी टाचणी टोचायचं.

"आजी, मी छोट्या आजीच्या बागेत चालले!"

"अगं, आपल्या बागेत जाऊ की. ही काय, दारासमोर तर आहे."

"शी! आपल्या बागेतला झोका एका साखळीचा आहे."

हे खरं होतं. दारासमोरच्या बागेत एका साखळीचा झोका, एकच बाजू वर-खाली होणारा सी-सॉ आणि पाठ मोडलेले तीन बाक एवढीच काय ती संपत्ती. मोठा रस्ता ओलांडला की मात्र धाकट्या जावेचं घर आणि तिच्या घरासमोरची बाग. त्या बागेला गेल्या वर्षी उद्यान विभागाचा निधी मिळाला होता. चार झोके, वळणाची घसरगुंडी, वर रोज संध्याकाळी मुलांसाठी खेळांचा वर्ग. तो वर्ग धाकटी घ्यायची, गळ्यात शिट्टी अडकवून.

बागेचं एक वेळ राहू दे. पण नात? सख्खी नात थोरलीची आणि तिची संध्याकाळ धाकटीची, हे कुठल्या न्यायात बसतं? रात्री भरवायचं, वेणी घालायची, ताप आला की कपाळाशी बसायचं थोरलीने, आणि चिमी घास गिळता गिळता सांगणार, "छोटी आजी काय मस्त शिट्टी वाजवते!" एकदा थोरलीने न्हाणीघराचं दार लावून तोंडाने शिट्टी वाजवून पाहिली. शिट्टी काही वाजली नाही, कवळी तेवढी हलली.

शेवटी तिने उद्यान विभागाला अर्ज केला. महिन्याभराने उत्तर आलं: गुरुवारी चार वाजता अधिकारी पाहणीला येतील.

"हे बघ," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "बागेला हात लावू नकोस. आहे तशी राहू दे. ती अवस्था बघून दगडालाही पाझर फुटेल."

थोरलीला ते पटलं. पटलेलं मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत टिकलंही. मग चिमीला सोडायला धाकटी आली.

"जाऊबाई, अधिकारी येणार म्हणे? छान झालं हो. पण त्यांना बसवणार कशावर? आमच्याकडचा एखादा बाक पाठवू का?"

"नको गं बाई," थोरली इतकं गोड हसली की तिचे गाल दुखले. "आमच्याकडे आहे सगळं."

आता जिने पस्तीस वर्षं पाहुणा यायच्या आधी घर आवरलं, तिला पाहुणा येणार आणि केर तसाच ठेवायचा, हे जमायचं कसं? बुधवारी सकाळी तिने फक्त एक बाक पुसला. फक्त एक. पण पुसलेल्या बाकाशेजारी दुसरा बाक फारच कळकट दिसायला लागला. तिन्ही पुसले तर त्यांचा उडालेला रंग डोळ्यांत भरला. गल्लीतल्या रंगाऱ्याकडे कुणाच्या तरी खिडक्यांचा हिरवा रंग उरला होता. बाक हिरवे झाले. हिरव्या बाकांपुढे गंजका झोका बघवेना, म्हणून वेल्डरला हाक गेली.

"वहिनी, नुसती साखळी जोडू, की सी-सॉचंही बघू?"

"आता आलाच आहात तर बघा."

दुपारी सुताराने बाकांना पाठी बसवल्या. रोपवाटिकेवाल्याने दोन दिवसांच्या बोलीवर तीस कुंड्या दिल्या. नवऱ्याने तिसऱ्यांदा आठवण करून दिली, "अगं, मोडकी दिसायला हवी होती ना?"

"मोडकी बाग दाखवून नाक कापून घेऊ? उद्या तिच्या कानावर गेलं तर?"

नवऱ्याने वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. गुरुवारी चार वाजता बाग अशी दिसत होती, की दोन जोडपी फोटो काढायला आली.

अधिकारी किडकिडीत होता. त्याने बागेला पूर्ण फेरी मारली, हिरव्या बाकावर टेकला आणि समाधानाने मान डोलावली. "कमाल आहे बाई! या भागात अशी बाग मी पाहिली नाही."

थोरलीची मान अभिमानाने ताठ झाली. रस्त्यापलीकडे धाकटी गॅलरीत उभी असेल तर बरं, असं तिला वाटलं.

"मग निधी कधी मिळेल?"

"निधी?" अधिकाऱ्याने फायलीतून एक छापील कागद काढला. "निधी पडझडीच्या गुणांवर मिळतो. शंभरापैकी निदान साठ हवेत."

"आणि आमचे?"

"दोन. एक फाटकाच्या कडीबद्दल. दुसरा मी आपला माझ्याकडून दिला."

थोरलीचा चेहरा एका साखळीच्या झोक्यासारखा लोंबला. "साहेब, हे सगळं कालचं आहे हो! कुंड्या उसन्या आहेत! वरवर रंग दिलाय, आतून सगळं कुजलंय!"

"कुठे कुजलंय?" कौतुक ऐकायला थांबलेला वेल्डर पुढे झाला. "वहिनी, माझ्या कामाला नावं ठेवू नका. हत्ती बसवा त्या सी-सॉवर, हत्ती!"

हत्ती हाताशी नव्हता. थोरलीने पदर खोचला आणि स्वतःच जाऊन सी-सॉवर धप्पकन बसली. काहीतरी मोडू दे, निदान कुरकुरू तरी दे, असं तिने मनोमन विनवलं. सी-सॉने हूं की चूं केलं नाही. अधिकाऱ्याने कागदावर लिहिलं, 'मजबुती: उत्तम', आणि आदल्या दोनातला एक गुण खोडला.

निधी गेला धाकटीच्याच बागेला. रोज वीस मुलं लोंबकळून तिथले झोके खिळखिळे झाले होते. गुण पडले एकाहत्तर.

पुढच्या सोमवारी त्या बागेभोवती पत्रे उभे राहिले. काम चार महिने चालणार, तोवर बाग बंद. थोरलीला जेवण गोड लागलं. आता जाईल कुठे चिमी? येईल आपल्याच बागेत, आपल्याच आजीबरोबर!

पाच वाजता तिच्या दारासमोर शिट्टी वाजली. वीस मुलं ओळीत उभी होती आणि पुढे धाकटी.

"जाऊबाई, तुमच्या बागेत चार दिवस आसरा घेतो हो. बाक बाकी झकास झालेत!"

आठवड्याभरात चिमी त्या बागेला 'छोट्या आजीची नवी बाग' म्हणायला लागली. रंग थोरलीने मिळवलेला, झोका थोरलीने जोडून घेतलेला, आणि शिट्टी धाकटीची!

थोरलीने एकच मार्ग काढला. पलीकडची बाग लवकर उरकली, की ही वरात परत जाईल. रविवारी सकाळी थर्मासभर चहा घेऊन ती ठेकेदाराला भेटायला निघाली. शाळा नव्हती म्हणून चिमीही बोट धरून आली.

"भाऊ, जरा हात चालवा. चार महिने म्हणजे फार झाले. मुलांचे हाल होतात."

"बघतो, बाई."

तेवढ्यात पत्र्यापलीकडे जेसीबी घरघरला. चिमीने पत्र्याच्या फटीला डोळा लावला. पंजा वर गेला, जमिनीत घुसला आणि मातीचा डोंगर उचलून बाहेर आला. चिमी तासभर तिथून हलली नाही.

त्या संध्याकाळी पाचला शिट्टी वाजली. चिमीने चपला घातल्या आणि थोरलीच्या काळजात टाचणी सरसावली.

"आजी, चल ना. खड्डा बघायला."

सोमवारी खड्डा, मंगळवारी खड्डा. वाटेत चिमी शाळेतल्या गोष्टी सांगायची, परत येताना हातात हात घालून दोघी पंज्यासारखी बोटं वाकवून दाखवायच्या. थोरलीला खड्ड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण इतकी सुंदर गोष्ट तिने आजवर पाहिली नव्हती.

शनिवारी ठेकेदार हसत हसत आला. "बाई, तुमचं म्हणणं मनावर घेतलं. माणसं वाढवली. तीन आठवड्यांत बाग मोकळी करतो."

थोरलीने त्याच्या कपात चहा ओतता ओतता थर्मास सरळ केला. "तीन? अहो, घाई कुणी सांगितली?"

"तुम्हीच ना?"

"मी आपलं बोलण्याच्या ओघात म्हटलं असेल. कामं कशी सावकाश, मन लावून झाली पाहिजेत."

मागून कुणीतरी तरातरा चालत आलं. धाकटी होती, गळ्यात शिट्टी, चेहरा उतरलेला. "चिमे, चल बरं! आज शर्यत आहे. पहिल्या नंबराला चॉकलेट."

"श्श!" चिमीने फटीवरचा डोळा काढला नाही. "आता माती टाकणार आहे."

धाकटी ठेकेदाराकडे वळली. "काय हो, हे काम कधी संपणार? आणखी दोन माणसं लावा की! किती दिवस ही घरघर ऐकायची माणसाने?"

"बघू, बघू," ठेकेदार म्हणाला.

थोरलीने त्याचा कप काठोकाठ भरला आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, एक विचारू? असे खड्डे कधीकधी बुजवून पुन्हा खणावे लागतात ना हो?"