पुढच्या शनिवारचा धडा

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात परशुराम ओगल्यांनी स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे अकारविल्हे लावले. आमचूर पहिला, हळद शेवटी. उत्तराबाईंचा हात सवयीने नेहमीच्या जागी गेला आणि हळदीऐवजी आमचूर पडून वरण असं काही आंबट झालं की दात शिवशिवले. त्याच दुपारी त्यांनी नवऱ्याचं नाव ठाण्यातल्या एका मोझेइकच्या क्लासात घातलं.

"मोझेइक म्हणजे फरशी ना?" ओगल्यांनी विचारलं.

"फुटक्या टाइलांची चित्रं. दर शनिवारी तीन तास. डोंबिवलीहून जायचं-यायचं धरून पाच." पाच म्हणताना उत्तराबाईंचा चेहरा उजळला होता, तो ओगल्यांनी पाहिला नाही.

स्टुडिओ टेंभी नाक्याजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. शिकवणारी पायल सव्वीस वर्षांची, शिकणारे बहुतेक तिच्याच वयाचे. ओगले तिला मॅडम म्हणत. ती त्यांना काका म्हणे. छत्तीस वर्षं भूमापन खात्यात काढलेल्या माणसाने टाइल कापायची कातरी हातात धरली आणि पहिल्याच दिवशी एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटरचे चाळीस तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा पट्टीने मोजला. तेरा नापास केले.

"काका, एवढं परफेक्ट नको. थोडं वेडंवाकडं असेल ना, तरच मजा येते," पायल म्हणाली.

"हद्दीत वेडंवाकडं आलं की पुढे दोन पिढ्या कोर्टात जातात, मॅडम."

"पण काका, हा पोपट आहे."

पोपट तसाच चौकोनी झाला. पाचव्या शनिवारी तो एका लाकडी ट्रेवर चिकटून बसला. आता फक्त तुकड्यांमधल्या फटी भरायच्या राहिल्या. त्या ज्या मसाल्याने भरतात त्याला ग्राउट म्हणतात. दिसायला पिठासारखं, भिजवलं की सिमेंट. ओगल्यांनी त्यातलं मोरपंखी रंगाचं पाकीट निवडलं.

"घरी ट्राय नका करू हां, काका. नेक्स्ट शनिवारी शिकवते. भरणं सोपं असतं, त्याच्यानंतरचं जरा—" इतक्यात पायलचा फोन वाजला. फोन कानाला लावता लावता ती सगळ्यांना म्हणाली, "आणि बादली लगेच धुवायची, नायतर दगड होते!"

ओगल्यांनी वहीत लिहिलं: बादली लगेच धुणे. खाली दोन रेघा मारल्या.

पण नोकरीत त्यांनी एकही काम पुढच्या आठवड्यावर टाकलं नव्हतं. रविवारी सकाळी उत्तराबाई भाजी आणायला गेल्या आणि ओगल्यांनी ओट्यावर पोपट मांडला. पाकिटावर पाण्याचं प्रमाण एक किलोला दिलं होतं, म्हणून त्यांनी अख्खा किलो भिजवला. पोपटाला त्यातलं जेमतेम वाटीभर लागलं. उरलेलं काय करायचं, हे वहीत नव्हतं. बादली लगेच धुणे मात्र होतं, दोन रेघांसकट. त्यांनी ती स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुतली, भरपूर पाणी सोडून, तीन वेळा. सिंकही घासून काढलं.

"अगंबाई, सिंक घासलंत?" उत्तराबाई परतल्यावर म्हणाल्या. लग्नानंतर एकतीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी चहात आलं जास्त घातलं.

सोमवारी सकाळी साडेनऊला दारावरची बेल वाजली. दारात पहिल्या मजल्यावरच्या कलावती घरत. बाई शिक्षण मंडळातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि बोलताना अजूनही समोरच्याची फाइल अपुरी असल्यासारख्या बघत.

"ओगले, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी आहात ना?"

"आहे."

"माझ्या सिंकमधनं पोहे येतायत."

"पोहे?"

"कांदेपोहे. वर खोबरंसुद्धा आहे. मी आज उपमा केलेला."

ओगले पहिल्या मजल्यावर गेले. कलावतीताईंचं सिंक काठोकाठ भरलं होतं आणि वर पोहे तरंगत होते. ओगल्यांनी सरकारी पद्धतीने विचार केला. ह्या पाइपावर तीनच घरं. पहिल्या मजल्यावर घरत, दुसऱ्यावर मारुती गायकवाड, तिसऱ्यावर ते स्वतः. खालच्या अंगाला कुठेतरी पाइप तुंबला होता, म्हणून वरच्या दोन घरांचं पाणी इथे उलटत होतं. वरच्यांना काहीच त्रास नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरचं पाणी तर आज कधी नव्हे इतकं झर्रकन जात होतं.

"येत्या रविवारी कळव्याहून आमच्या प्राचीच्या लग्नाची बोलणी करायला माणसं येणारेत," कलावतीताई म्हणाल्या. "त्यांच्यासमोर दुसऱ्यांचे पोहे वर आले तर मी काय सांगू?"

ओगल्यांनी दुसऱ्या मजल्यावर चौकशी केली. मारुती गायकवाड मूळचे फलटणकडचे, एका कारखान्यात फोरमन, आवाज मशिनवर मात करण्यासाठी कमावलेला.

"पोहे? आमच्यात सकाळच्याला भाकरी असती. पोहे तुम्ही खाल्ले असतील."

खरं म्हणजे ओगल्यांनी खाल्ले होते. पण पोहे हे फक्त लक्षण, कारण वेगळंच, असं म्हणून त्यांनी तासाभरात खालच्या फळ्यावर नोटीस लावली. काही बेजबाबदार सभासद चहाचा चोथा सिंकमध्ये टाकतात, त्यामुळे पाइप तुंबला आहे, दोषी सभासदाने पाइप, आणि फोडावी लागल्यास भिंत, पूर्ववत करून द्यावी. नाव कोणाचं नव्हतं. पण गायकवाडांकडे दिवसातून सहा वेळा चहा होतो हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

"हे माझ्यावरच लिवलंय," मारुती फळ्यासमोर उभे राहून म्हणाले. त्यांनी नोटिशीचा फोटो काढून ठेवला.

मंगळवारी धाकू प्लंबर आला. खाडीकाठच्या गावातला, साठीचा, सोसायटीचा प्रत्येक पाइप त्याने जन्मापासून पाहिलेला. कलावतीताईंनी मागे कधीतरी गॅलरी आत घेऊन ओटा वाढवला होता, तेव्हा बाहेरचा पाइप भिंतीआड गेला होता. धाकूने सिंकमागच्या टाइलांना कान लावला, बोटाने ठोकलं, आणि सांगून टाकलं, "फोडाला लागंल."

"किती?"

"फोडल्याशिवाय कसा कलनार, बाय?"

ओट्यामागची हातभर रुंद, दोन हात उंच भिंत उघडी झाली. बदामी टाइला, कोपऱ्यात तांबडं फूल. एकेक फूल खाली पडताना कलावतीताई डोळे मिटत होत्या. शेवटी धाकूने पाइपाचं वळण कापून बाहेर काढलं आणि जमिनीवर आपटलं. त्यातून एक भरीव, गुळगुळीत, कोपरासारखा वाकलेला दगड घरंगळत आला. रंग झगझगीत मोरपंखी.

स्वयंपाकघरात कलावतीताई, त्यांची मुलगी प्राची, धाकू, ओगले, उत्तराबाई आणि खास बघायला आलेले मारुती अशी सहा माणसं होती. सहाही जण दगडाकडे बघत राहिले. मग उत्तराबाईंनी नवऱ्याच्या नखांकडे पाहिलं. ओगल्यांनी हात पाठीमागे घेतले.

मारुतींनी दगड उचलून उजेडात धरला. "सेक्रेटरीसाहेब, ह्या कलरचा चहा कुठल्या दुकानात मिळतो हो?"

ओगल्यांचं आयुष्य लोकांच्या हद्दी दाखवत गेलं, आज आपलीच हद्द खालच्या मजल्यापर्यंत आली होती. नाही म्हणायची सोय होती. पण पाठीमागे धरलेले हात तसेच ठेवून किती दिवस राहणार? त्यांनी ते पुढे काढले.

"माझा आहे," ते म्हणाले. "पोहेही माझेच. मारुतीराव, मी तुमची जाहीर माफी मागतो."

मारुतींनी भांडणाची सगळी तयारी केली होती. माफी ऐकून ते एकदम रिकामे झाले. "असू द्या," ते पुटपुटले, "चहा जरा जास्तच असतो आमच्यात."

पाइप संध्याकाळपर्यंत नवा झाला. भिंतीचं भोक मात्र तसंच राहिलं. ओगले आणि प्राची मानपाडा रोडवरची टाइलची सगळी दुकानं फिरून आले. तांबड्या फुलाची बदामी टाइल बघून एक दुकानदार म्हणाला, "ही माझ्या वडिलांच्या वेळची." सगळी भिंत बदलायला आठवडाभर लागणार होता आणि रविवारी पाहुणे होते.

"कॅलेंडर लावू," प्राची म्हणाली.

"दोन हातांचं कॅलेंडर?" कलावतीताईंचा आवाज पहिल्यांदाच कापला. "त्या लोकांचं नवं कोरं घर आहे, प्राची. आधीच त्यांना वाटतंय, आपण जुन्या बिल्डिंगीतले."

ओगल्यांना तो आवाज ऐकवला नाही. ते जिन्यात गेले आणि पायलला फोन लावला. "मॅडम, मी पुढच्या शनिवारचा धडा आधीच केला."

"ओ नो, काका! सिंकमधे ओतलं?"

"तीन वेळा धुऊन."

पायल बुधवारी सकाळी दोन पिशव्या घेऊन डोंबिवलीत हजर झाली. तिने भोक पाहिलं, खाली पडलेला बदामी चुरा पाहिला. "आंटी, ह्याच तुकड्यांचं चित्र करू या ना इथे. काय आवडतं तुम्हाला?"

"निळं सोडून काहीही," कलावतीताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जरा लाजून, "फणस जमेल? आमच्या गुहागरच्या घरामागे होता. खोडालाच लागायचे, खालपासून वरपर्यंत."

फणस म्हटल्यावर पायल टाळ्या पिटायचीच बाकी राहिली. हिरव्या आणि तपकिरी टाइला तिच्या पिशवीत होत्या, बदामी तुकड्यांची पार्श्वभूमी होणार होती. धाकूने येऊन भोक बुजवून दिलं, तिने त्यावर खडूने झाड काढलं आणि सगळे कामाला लागले. ओगल्यांनी तुकडे कापायला घेतले. अकरा वाजेपर्यंत त्यांनी एक सेंटिमीटरचे बावीस हिरवे चौकोन तयार केले.

"काका, ह्या स्पीडने झाड होईपर्यंत प्राचीताईला मुलं होतील," पायल म्हणाली.

"द्या तो हातोडा इकडे," कलावतीताई पुढे झाल्या. त्यांनी टाइल गोणपाटात गुंडाळली आणि असा एक घाव घातला की धाकू दोन पावलं मागे सरला. पाचव्या घावाला त्यांच्या चेहऱ्यावरचा सोमवारपासूनचा राग उतरला होता. सातव्याला त्या हसत होत्या. "हा तुमच्या नोटिशीचा," असं म्हणत त्यांनी आठवा घातला.

तुकडे निघाले ते कसेही, तिरके, टोकेरी, चार दिशांना तोंडं केलेले. ओगल्यांनी त्यातला एक उचलला, फिरवला, पट्टी शोधण्यासाठी खिशात हात घातला.

"पट्टी नाही, काका. तसाच लावा."

त्यांनी डोळे मिटून तो लावला. उघडले तेव्हा तो हुबेहूब फणसाच्या सालीवरच्या काट्यासारखा दिसत होता. त्यांनी दुसरा लावला, मग तिसरा. दुपारी जेवायला हाक आली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी मारुती कामावरून आले ते कपडे न बदलता खोडाला भिडले. शुक्रवारी फटी भरल्या, बदामी ग्राउटने, वाटी-वाटीने कालवून. धाकू सिंकसमोर स्टूल टाकून बसला होता.

"हिकडं कोनी बादली घेऊन येयाचा नाय," तो सांगत होता. "पाय तोडीन."

रविवारी कळव्याची मंडळी आली. मुलाची आई पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर येईना. शेवटी सगळी बैठकच आत सरकली. ओट्यामागे भिंतीला सात फणस लगडले होते, दुपारच्या उन्हात साल चमकत होती.

"अय्या, हे कोणाकडून करून घेतलंत?"

"आमचे सेक्रेटरी आहेत ना, ओगले," कलावतीताई म्हणाल्या. "पाइप बघायला आलेले. म्हणाले, भिंत एवढी साधी कशाला ठेवायची?"

"आमच्या सोसायटीतले सेक्रेटरी नुसते पार्किंगवरनं भांडतात," मुलाची आई म्हणाली. बोलणी त्या फणसाखालीच झाली आणि तारीख ठरली.

सोमवारी संध्याकाळी कमिटीच्या मीटिंगला ओगले राजीनामा लिहून घेऊन गेले. सात ओळी, समास सोडून. अध्यक्षांनी तो वाचायच्या आधीच बाजूला ठेवला, कारण त्यांच्यासमोर पाच तक्रारअर्ज होते. पाचही ओगल्यांविरुद्ध. सेक्रेटरींनी एकाच सभासदाची भिंत सुशोभित करून पक्षपात केला आहे, असा त्यांचा साधारण सूर होता. बी विंगमधल्या एकांनी तर आमच्या पाइपात काय टाकलं म्हणजे आमचा नंबर लागेल, असं स्पष्टच विचारलं होतं.

ओगल्यांनी राजीनामा परत खिशात घातला आणि घरी येऊन उत्तराबाईंना सगळं सांगितलं. त्या काही बोलणार इतक्यात खालून धाड धाड आवाज येऊ लागला. दोघंही धावत दुसऱ्या मजल्यावर गेली. गायकवाडांचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात विटांची धूळ उडत होती आणि धाकू छिन्नी घेऊन उभा होता.

"काय तुंबलं?" ओगल्यांनी धापा टाकत विचारलं.

"काय नाय तुंबला. नली मोकली हाय," धाकू म्हणाला. "मालक बोल्ले फोड, मी फोडली."

धुळीतून मारुती पुढे आले. हातात गोणपाट आणि हातोडा होता.

"या, सेक्रेटरी," ते म्हणाले. "आमच्यात बैलजोडी काढायची. शिंगं तेवढी सरळ नका काढू."