तीन हॉर्सपॉवर आणि चार नट

हवा या विषयात मला कोणी शिकवू नये! शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मला बावीस वर्षं झाली. पाण्यानं भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवायचा, पेला उलटा करायचा, पाणी सांडत नाही हे बघून साठ मुलांचे डोळे विस्फारले की शांतपणे म्हणायचं, "हवेचा दाब!" हा प्रयोग मी इतक्या वेळा केलाय की आता हवासुद्धा मला ओळखत असेल.

म्हणून आमच्या लाल गाडीचं पुढचं डावं चाक किंचाळायला लागलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, "ब्रेकचे पॅड गेलेत. गॅरेजची गरज नाही. मी कंप्रेसर घेणार, हवेवर चालणारी गन घेणार, चाक खोलणार आणि पॅड स्वतः बदलणार!"

माझी बायको रिद्धी वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, रविवारी मनालीचं लग्न आहे."

मनाली माझी धाकटी मेहुणी. तिला सजवलेल्या गाडीतून माणिकपूरच्या हॉलवर न्यायचा मान माझा होता. माझा म्हणजे गाडीचा.

"आज सोमवार," मी म्हणालो. "चाकाला नट किती? चार! नटामागे एक दिवस धरला तरी शुक्रवारी गाडी तयार!"

हे मी गमतीनं बोललो होतो.

मंगळवारी शाळेतून थेट वालीवला गेलो. तिथे शत्रुघ्नभाईंचं दुकान आहे. आत शिरलो आणि माझे हात आपोआप जोडले जायचेच काय ते बाकी राहिले! लाल, निळे, पिवळे कंप्रेसर. काही बसलेल्या मांजराएवढे, काही बसलेल्या म्हशीएवढे. भिंतीवर गना टांगलेल्या. नट खोलायच्या, रंग मारायच्या, नुसती हवा मारायच्या. मी पंधरा मिनिटं फक्त वर बघत उभा होतो.

"साहेब, काय चालवणार?" शत्रुघ्नभाईंनी विचारलं.

"चाकाचे नट खोलायची गन."

"मग मोठी मशीन बघा. कसं आहे, दाब म्हणजे हवा किती जोरात ढकलते. पण मिनिटाला हवा किती येते, तो हिशोब वेगळा. टायर भरायला छोटी चालते. ही गन म्हणजे पिणारी बाई आहे साहेब! छोटी टाकी एका घोटात रिकामी."

"या छोट्यावर किती दाब लिहिलाय? आठ. त्या मोठ्यावर? आठ. मग फरक काय?" मी पेल्याच्या प्रयोगावेळी हसतो तसं हसलो.

शत्रुघ्नभाईंनी माझ्याकडे बघितलं, छोट्याकडे बघितलं आणि बिल केलं.

तो निळा होता, चोवीस लिटरचा, खाली दोन चाकं. आणि गन! अडीच किलोची, काळीभोर. हातात घेतली आणि मला वाटलं, आता सीमेवरून बोलावणं आलं तरी हरकत नाही.

बुधवारी संध्याकाळी अंगणात गाडी जॅकवर चढवली. माझे वडील भालचंद्र वाडीतून केळीचं पान खांद्यावर घेऊन आले ते तसेच उभे राहिले. मी गन नटाला लावली आणि खटका दाबला.

टर्रर्रर्रर्र!

काय तो आवाज! काय ती ताकद! माझा खांदा, माझे दात, माझा चष्मा, सगळं एकदम थरथरलं. बाबांच्या खांद्यावरचं पान खाली पडलं. रिद्धी दारात आली आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी ते पहिल्यांदा निघालं.

चार सेकंदांनी गन म्हणाली, "फुस्स."

टाकी रिकामी. ती भरायला पाच मिनिटं. मग पुन्हा चार सेकंद टर्रर्रर्र, पुन्हा फुस्स. असा मी दर पाच मिनिटांनी चार सेकंद पराक्रमी होतो.

"याला दमा आहे," बाबा म्हणाले.

"डिकीत तो पाना आहे ना, त्यानं खोला," रिद्धी म्हणाली.

"पान्यानं खोलायचं तर विज्ञान कशाला?" मी म्हणालो आणि चारही नटांना आळीपाळीनं हवा देत राहिलो. दिवेलागणीपर्यंत एकेका नटाला तीन-तीन डोस झाले. एकही हलला नाही!

मी शत्रुघ्नभाईंना फोन लावला. शेजारी कंप्रेसर घरघरत होता, त्यामुळे दोघंही ओरडत होतो.

"नट सुटत नाही!"

"साहेब, रिव्हर्स टाकलाय ना?"

काय हा प्रश्न! "अहो, गाडी जॅकवर आहे! रिव्हर्स कशाला टाकू? न्यूट्रलला आहे!"

पलीकडून आवाज आला, "ठीक आहे साहेब, मोठी मशीन पाठवतो. छोटी परत द्या."

गुरुवारी टेम्पो आला. मी त्या दिवशी रजा टाकली होती. भुईगावातल्या आमच्या गल्लीत एवढं मोठं काही गणपतीनंतर आलं नसेल! तीन हॉर्सपॉवर, दोनशे लिटरची टाकी, वर दोन सिलिंडर, बाजूला पट्ट्यावर फिरणारं बैलगाडीच्या चाकाची आठवण यावी असं चाक. पाच माणसांनी तो उतरवला. शेजारच्या बायका बघायला आल्या. कोणीतरी हळदकुंकू लावलं, बाबांनी नारळ फोडला. मी टाकीवर हात ठेवला. गार, जाड, गंभीर. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

"थ्री फेज कुठाय?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"ही मशीन घरच्या प्लगवर नाही चालत दादा. तीन तारांची लाइन लागते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाळेत ही गोष्ट वरच्या वर्गाला असते, मी खालच्या वर्गाचं साहित्य मांडतो.

तीन तारांची लाइन आमच्याकडे एकाच ठिकाणी आहे, वाडीतल्या विहिरीवर, पाण्याच्या पंपाला. बाबांनी एक सुस्कारा सोडला. "आज केळींना पाणी नको देऊ. ने तिकडे." पाच माणसांनी कंप्रेसर पुन्हा उचलला आणि केळींमधून विहिरीवर नेला. गाडी मात्र अंगणात जॅकवर! मग नळी आणली. साठ मीटर. ती विहिरीवरून निघाली, केळींमधून, सोनचाफ्याच्या आळ्याला वळसा घालून, क्लेमेंटीन मावशींच्या अंगणातून, त्यांच्या गुलाबांच्या कुंड्यांमधून आमच्या गाडीपर्यंत आली. या सगळ्यात शुक्रवार उजाडला. आणखी एक रजा!

क्लेमेंटीन मावशी आमच्या शेजारीण. सत्तरीच्या. फुलाफुलांचा गाऊन, पायात रबरी चपला, गळ्यात क्रूस. नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे केक येतो, दिवाळीला आमच्याकडून करंज्या जातात. त्यांनी एकतीस वर्षं वालीवच्या एका कारखान्यात नोकरी केली होती. पॅकिंगमध्ये असाव्यात, असं मी आपलं ठरवून टाकलं होतं.

"हितेश, हे काय चाललंय रे?" त्यांनी नळी ओलांडत विचारलं.

"तांत्रिक काम आहे मावशी. तुम्ही जरा लांब उभ्या राहा."

त्या लांब उभ्या राहिल्या.

विहिरीवर बाबांनी बटण दाबलं. धड-धड-धड-धड! पायाखालची माती हलली. विहिरीच्या काठावरचे बगळे उडाले. मावशींच्या कोंबड्या जिन्याखाली शिरल्या. नळी एखाद्या अजगरासारखी ताठ झाली. मी गन उचलली, नटाला लावली आणि खटका दाबला.

ही ताकद वेगळीच होती! फुस्स नाही, दमा नाही. गाडी गदागदा हलत होती, आरसा हलत होता, सीटखाली अडकलेली जुनी बाटली गडगडत बाहेर आली. भोवती जमलेले दहा-बारा लोक तोंड उघडं टाकून बघत होते. एकेका नटाला मी पूर्ण मिनिटभर हवा दिली. तिसऱ्या नटाला तर मी डोळेच मिटून घेतले. एवढी शक्ती आपल्या हातात आहे, या विचारानं मला भरून आलं होतं!

आणि चौथा नट कुरकुरला. हलला!

"हलला!" मी ओरडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हलला खरा," क्लेमेंटीन मावशी म्हणाल्या. त्या केव्हा जवळ आल्या कळलंच नाही. "पण उजवीकडे हलला."

"मग?"

"उजवीकडे आवळतात रे."

नेमकी त्याच वेळी टाकी भरली आणि विहिरीवरचा कंप्रेसर आपोआप बंद पडला. अशी शांतता मी परीक्षेच्या हॉलमध्येही ऐकली नव्हती.

मावशींनी माझ्या हातातून गन घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि गनच्या मागचा एक छोटा खटका अंगठ्यानं फिरवला. "इकडे आवळायचं. इकडे सोडायचं. याला रिव्हर्स म्हणतात."

रिव्हर्स! शत्रुघ्नभाई गाडीबद्दल नाही, गनबद्दल विचारत होते!

"कधीपासून आवळतोयस?"

"बुधवारपासून," रिद्धीनं उत्तर दिलं. मला विचारलं होतं, पण तिनं दिलं.

खटका फिरवून मावशींनी गन लावली. कंप्रेसर धडधडला, गन टरटरली, नट ढिम्म! तीन हॉर्सपॉवरनं मिनिटभर आवळलेलं त्याच हवेला सोडवेना. परवा लग्न! रिद्धीनं फोन काढून दुसरी गाडी शोधायला सुरुवात केली. मी पायरीवर बसलो.

"गाडी जॅकवरून खाली घे," मावशी म्हणाल्या आणि घरात गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जाड पाना आणि पुरुषभर लांब लोखंडी नळ होता. पाना नटाला लावला, पान्याच्या दांड्यावर नळ सरकवला. मग विहिरीवरून आलेल्या बाबांच्या खांद्याचा आधार घेतला, रबरी चपला काढल्या आणि नळाच्या टोकावर चढून उभ्या राहिल्या!

कट्ट!

"मावशी! पाय!" मी किंचाळलो.

"नट आहे रे," मावशी म्हणाल्या.

कट्ट! कट्ट! कट्ट! चार नट, चार मिनिटं. गाऊनमधली सत्तर वर्षांची बाई नळावर चढत होती, उतरत होती, आणि अख्खी गल्ली श्वास रोखून बघत होती. दोनशे लिटरच्या टाकीला हात लावल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता म्हणालो ना? तो काहीच नव्हता!

"मावशी, तुम्ही कारखान्यात पॅकिंगला होतात ना?"

"पॅकिंग?" त्या हसल्या. "गिअरबॉक्स जोडायच्या खात्यात सुपरवायझर होते. चौदा माणसं होती माझ्या हाताखाली."

गाडी पुन्हा जॅकवर चढवली, चाक निघालं. मावशींनी टॉर्च मारून आत बघितलं. "पॅड चांगले आहेत. अजून वर्षभर जातील."

"मग ते किंचाळत काय होतं?"

"नळीला हवेची साधी तोटी लाव आणि इकडे दे."

मी दिली. त्यांनी तोटी आत धरली आणि दाबली. फूऽऽ! चण्याएवढा एक खडा टिंग करून उडाला आणि कुंडीवर आपटला.

"ब्रेकची थाळी आणि तिच्यामागचा पत्रा, मध्ये अडकला होता," त्या म्हणाल्या. "गाडी दोन-चार वेळा मागेपुढे केली असतीस तरी बहुतेक पडला असता."

बाबा विहिरीकडे बघत होते. तिथे तो तीन हॉर्सपॉवरचा देव हळदकुंकू लावून उभा होता.

मावशींनी चाक बसवलं, समोरासमोरचे नट हातानं बेतानं आवळले आणि मला बजावलं, "सोमवारी चारही बोल्ट आणि नट बदलून घे. तू त्यांचा जीव काढलायस. रविवारपुरतं चालेल, मी एकेक तपासलाय."

हे वाक्य मनालीपर्यंत पोचायला अर्धा तास लागला.

रविवारी सकाळी मी कडक इस्त्रीचा पांढरा सफारी घालून, झेंडू लावलेली गाडी घेऊन सासुरवाडीच्या दारात उभा राहिलो. नऊवारी, मुंडावळ्या, हातभर चुडा अशी मनाली आली, गाडीच्या चाकाकडे बघितलं आणि थांबली.

"जिजू, क्लेमेंटीन मावशी बरोबर येणार असतील तरच मी बसते."

मग मी गाडी घेऊन भुईगावला परत गेलो आणि मावशींना आणलं. जांभळी रेशमी साडी, केसांत गजरा, मांडीवर पिशवीत गुंडाळलेला पाना. त्या पुढे बसल्या, मनाली आणि रिद्धी मागे. गाडी माणिकपूरपर्यंत अशी गेली की जणू रस्त्यावर लोणी फासलंय! एकदाही किंचाळली नाही. मी दर वळणावर मावशींच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या दर वळणावर मान हलवत होत्या.

हॉलच्या दारात बँड सुरू झाला. नवऱ्याकडची मंडळी धावत आली. त्यांनी मनालीला ओवाळलं, मावशींचा हात धरून उतरवून घेतलं. "नवरीच्या घरच्या मोठ्या बाई दिसतात," असं म्हणत कोणीतरी त्यांना गुलाब दिला, कोणी गुलाबपाणी शिंपडलं. मनालीनं खाली वाकून त्यांना नमस्कार केला. सगळे वाजतगाजत आत गेले.

मी गाडी बाजूला लावून, सफारी नीट करत दारात आलो. नवऱ्याकडच्या एका काकांनी माझ्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला.

"गाडी छान चालवली हं! ड्रायव्हर लोकांची पंगत मागच्या बाजूला आहे. गरम आहे तोवर बसून घ्या."

काय सांगणार? बसलो. मसालेभात खरंच गरम होता.