सरपणाचा दर

आमचे शेजारी नाना नवीन माणसाला आधी वय विचारतात, मग पगार, आणि मग डोळे बारीक करून त्याची किंमत सांगतात.

नाना कृषी खात्यात होते. महामार्ग रुंद व्हायला लागला तेव्हा तोडायच्या झाडांची किंमत ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं. झाडाचं वय, वर्षाचं उत्पन्न, फळ देण्याची उरलेली वर्षं. तक्त्यात घातलं की भरपाई तयार. फळ थांबलेलं असेल तर नुसत्या लाकडाचे पैसे, म्हणजे सरपणाचा दर. नाना निवृत्त झाले, तक्ता झाला नाही. झाडं संपल्यावर त्यांनी माणसं घेतली.

"अठ्ठावीस वर्षं, बँकेत नोकरी? भर फळधारणेत आहात!" हे त्यांनी माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला सांगितलं. त्याच्या आईनं चहा अर्धाच ठेवला. पोस्टातून निवृत्त झालेल्या तात्यांना तर रोज हाक, "काय तात्या, सरपण कसं आहे?"

"तुमच्यापेक्षा ओलं आहे अजून!" तात्या सायकलवरूनच ओरडतात.

मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. पेढे घेऊन गेलो तर नाना म्हणाले, "कालपर्यंत रायवळ आंबा होतास रे. आज कलम झालास. दर वाढला." परीक्षेचे फॉर्म भरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. 'एकही रकाना रिकामा सोडायचा नाय' हा त्यांचा धडा. त्यामुळे कलम झाल्याचा मला खरोखर आनंद झाला.

आतून काकू म्हणायच्या, "जळ्ळं मेलं तुमचं ते मोजणं! माझी किंमत किती ते सांगा एकदा." तेवढं नानांना ऐकू यायचं नाही.

नोकरीत नानांना एकदाच मेमो मिळाला. एका म्हातारीच्या दारातला फणस. फळ थांबलेलं, म्हणजे नियमानं सरपण. म्हातारी झाडाला टेकून नुसती बघत राहिली आणि नानांनी दराच्या रकान्यात आडवी रेघ मारली. साहेबांनी झापून आकडा घालायला लावला. "चूकच ती," नाना सांगायचे.

यंदा काकूंच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन कोल्हापूरला. मुंबईहून आलेला मुलगा विजय पडवीत हळू आवाजात म्हणाला, "बाबा, खर्च केवढा, आणि आईचं वय बहात्तर. तुमच्याच तक्त्यात घालून बघा ना."

नाना म्हणाले, "तक्ता झाडांचा आहे, विजू."

"मग एवढी वर्षं लोकांना काय सांगत होतात?"

"गंमत करत होतो, मेल्या."

"आणि पैसे?"

"पावसच्या बागेतली आंब्याची कलमं विकू. ती मोजता येतात."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा फॉर्म भरायला त्यांनी मला बोलावलं. चष्मा सापडत नाही म्हणाले. तो खिशातून डोकावत होता. 'रुग्णाचे मासिक उत्पन्न' या रकान्यापाशी मी थांबलो. समोर काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"शून्य लिहू, नाना?"

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कागद फाटेल इतक्या जोरानं आडवी रेघ मारली.

"नाना, रकाना रिकामा..."

"रिकामा कुठंय?"

काकूंनी वर न बघता विचारलं, "किती लिहिलेत हो माझे?"

"पड जरा तू," नाना म्हणाले, आणि काकूंपुढचं तांदळाचं सूप स्वतःकडे ओढून खडे शोधू लागले. चष्मा खिशातच होता.